घरातील औषधांचा तक्ता: एकच साचा, कमी चुका

गेल्या पावसाळ्यात एका आजींना त्यांचा मुलगा दवाखान्यात घेऊन आला. अंग घामाने भिजलेलं, हात थरथरत होते, बोलणं असंबद्ध. रक्तातील साखर ४८! (७० च्या खाली गेली की धोका.) त्या चार दिवसांपूर्वीच बाहेरगावच्या रुग्णालयातून घरी आल्या होत्या. डिस्चार्ज कार्डावर ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी होती. घरातल्या जुन्या पाकिटातही तीच, फक्त कंपनीचं नाव वेगळं. "नाव वेगळं, रंग वेगळा, म्हणून दोन्ही दिल्या," मुलगा म्हणाला.

चूक त्याची नव्हती. प्रत्येक कागदाची मांडणी वेगळी होती, महत्त्वाची गोष्ट नेमकी कुठे शोधायची हेच कळत नव्हतं.

साचा कसा मदत करतो?

बाळाचं माता-बाल संरक्षण कार्ड आठवा. लसींचा तक्ता, वजनाचा आलेख आणि त्यातला हिरवा पट्टा ठरलेल्या जागी असतो. त्यामुळे अंगणवाडी सेविका, नर्स आणि आई तिघींना तो वाचता येतो. चिठ्ठीवरचं १-०-१ हासुद्धा साचाच आहे: सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक.

तुमचा तक्ता असा करा

वर रुग्णाचं नाव, वय, आजार आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते लिहा. खाली प्रत्येक औषधासाठी एक ओळ, रकाने नेहमी याच क्रमाने:

१. औषधाचं मूळ (जेनेरिक) नाव आणि कंसात कंपनीचं नाव
२. ताकद, उदा. ५०० मिग्रॅ
३. कशासाठी
४. सकाळ – दुपार – रात्र
५. जेवणाआधी की नंतर
६. किती दिवस

आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी (उदा. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट) असेल, तर वार ठळक लिहा. ती रोज घेतल्यास जिवावर बेतू शकतं.

सर्वांत खाली "बंद केलेली औषधे" असा चौकोन ठेवा आणि तारीख घाला. आमच्या आजींच्या घरी नेमका हाच चौकोन नव्हता.

दोन ओळींत एकच मूळ नाव दिसलं, तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. मनाने गोळी बंद करू नका.

तक्त्याचा फोटो मुंबईतल्या मुलाकडे, सुनेकडेही असू द्या. रत्नागिरीहून कोल्हापूरला किंवा मुंबईला तपासायला जाताना तोच दाखवा. औषध बदललं की नवा तक्ता करा आणि जुना फाडून टाका.

हे लक्षात ठेवा: मधुमेही व्यक्तीला अचानक घाम, थरथर, गोंधळ जाणवला आणि ती शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि डॉक्टरांना गाठा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

आजी आता बऱ्या आहेत. त्यांचा तक्ता फ्रिजच्या दारावर चिकटवलेला आहे. तुमचा आज रात्रीच करायला घ्या.