वरातीतला ट्रंपेट आणि चिक चॉकलेट

साताऱ्यात काय आणि सांगलीत काय, बँडवाल्यांनी वरातीत ‘शोला जो भडके’ घेतलं की म्हातारेकोतारेही दोन पावलं नाचून घेतात. गाणं ‘अलबेला’तलं, १९५१ सालचं. पडद्यावर मास्टर भगवान आणि गीता बाली, संगीत सी. रामचंद्रांचं, एवढं बहुतेकांना पाठ असतं. पण त्या गाण्याला जो पाश्चात्त्य झोक आहे, त्यामागे चिक चॉकलेट नावाचा गोव्याचा ट्रंपेटवादक होता. ते सी. रामचंद्रांचे सहायक. त्यांची कारकीर्द मराठी रसिकाला नीट माहीत असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

हळदोण्याचा मुलगा

खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६ सालचा, बार्देश तालुक्यातल्या हळदोणे गावचा. त्या काळी गोव्यात चर्चच्या शाळेत मुलांना अक्षरांबरोबर स्वरलिपीही शिकवत. पाच रेघांवरचे ठिपके पाहून गायचं, मग व्हायोलिन किंवा एखादं फुंकवाद्य हाती यायचं. पोर्तुगीज राजवटीत गावात रोजगार फारसा नव्हता. त्यामुळे ही विद्या पोटापाण्याची झाली आणि गोव्याचे वादक मुंबई, कलकत्ता, थेट रंगूनपर्यंत पसरले. चिकही त्यांतलेच.

ताजमधला जॅझ

१९३५ मध्ये लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंताचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पुढे ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. अमेरिकेतल्या वर्णभेदाला कंटाळलेल्या या कलावंतांना इथे मान मिळाला, आणि गोव्याच्या मुलांना साक्षात गुरू मिळाले. स्वरलिपी त्यांना येतच होती. कागदावर न मावणारी गोष्ट, म्हणजे स्विंग, ते या मंडळींकडून शिकले. स्विंगमध्ये एका मात्रेचे दोन भाग सारखे पडत नाहीत. पहिला लांबतो, दुसरा आखडतो, म्हणून चाल डुलत पुढे जाते.

चिक यांचं दैवत अमेरिकन जॅझ ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँग. त्यांच्यासारखं वाजवायचं, त्यांच्यासारखं खरखरीत गायचं, हाती रुमालही तसाच. मुंबईत त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँगच म्हणत. त्यांचा ‘म्युझिक मेकर्स’ हा संच ताजशेजारच्या ग्रीन्स हॉटेलात वाजवत असे. ते हॉटेल आता नाही, त्या जागी ताजचा उंच मनोरा आहे.

पेटी आणि कागद

मुंबई इलाख्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला, हॉटेलांतल्या रात्री ओसरल्या आणि वादकांना सिनेमाचा मोठा आधार झाला. नुसता आधार म्हणणंही कमीच. हिंदी सिनेमाचा वाद्यमेळ उभा राहिला तो बऱ्याच अंशी याच लोकांच्या जोरावर.

काम कसं चालायचं? संगीतकार पेटीवर चाल बसवायचा, सरगम लिहून घ्यायचा. आता पंचवीस-तीस वादकांनी एका वेळी काय वाजवायचं हे कोणी ठरवायचं? तिथे अरेंजर लागे. तो चाल ऐकून स्वरलिपीत उतरवी, दोन ओळींमधल्या मोकळ्या जागा भरी, व्हायोलिनला एक कागद, ट्रंपेटला दुसरा, सॅक्सोफोनला तिसरा असं वाटून देई. गायक आणि वादक सगळे एकदमच ध्वनिमुद्रण करत. एक जण चुकला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, गोदाकाठच्या पुणतांब्याचे. शास्त्रीय गाण्याचे धडे त्यांनी पं. विनायकबुवा पटवर्धनांकडे घेतले, आणि विनायकबुवा मूळचे आपल्या मिरजेचे. ‘अलबेला’च्या गाण्यांत अशा तालमीचा माणूस आणि हळदोण्याच्या चर्चशाळेतून आलेला वादक एकत्र बसले होते. ‘शोला जो भडके’ कान देऊन ऐका. चाल सरळ, कोणालाही गुणगुणता येईल अशी. तिच्याखाली ताल लॅटिन अमेरिकेकडचा, बोंगोचा, आणि वरून पितळी वाद्यांच्या आतषबाज्या. चाल दबली नाही, ताल उपरा वाटला नाही. हे जमवणं फार कठीण असतं. आजही अनेकांना जमत नाही.

रामचंद्रांकडे गोव्याचे आणखीही सहायक होते. ‘आशा’ (१९५७) मधल्या ‘ईना मीना डीका’त कोकणी ‘माका नाका’ शिरलं ते जॉन गोम्स यांच्यामुळे, असं सांगतात.

स्वतःची चाल

चिक नुसते सहायक राहिले नाहीत. १९५१ च्याच ‘नादान’ चित्रपटाचे ते स्वतंत्र संगीतकार होते. देव आनंद आणि मधुबालाचा हा चित्रपट. तलत महमूद यांनी त्यात गायलेलं गाणं जुन्या गाण्यांचे शौकीन अजून काढतात. हळुवार गझलच्या वळणाचं ते गाणं ट्रंपेटवाल्या माणसाचं आहे हे सांगितलं तर पटत नाही. मला ते त्यांच्या कामाचं सर्वांत मोठं प्रमाण वाटतं. तरी संगीतकार म्हणून त्यांना मोठी मजल मारता आली नाही. मदनमोहन आणि ओ. पी. नय्यर यांच्याकडेही ते काम करत राहिले.

पडद्यावर

‘अलबेला’त ते आपल्या वादकांसह दिसतात. नंतर चेतन आनंद यांच्या ‘आखरी खत’ (१९६६) मध्ये क्लबातल्या गाण्यात भूपिंदर गातात आणि शेजारी चिक ट्रंपेट वाजवतात. संगीत खय्याम यांचं. पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, चिक गेले. वय अवघं एकावन्न. त्यांची एक मुलगी इव्होन गायिका. तिचे पती ब्राझ गोन्साल्विस हे नेवरा गावचे नामवंत सॅक्सोफोनवादक. त्यांनी पुढे रागांची आणि जॅझची सांगड घालणारं काम केलं.

नावं कुठे गेली

जुन्या तबकडीवर चित्रपटाचं, गायकाचं, संगीतकाराचं नाव छापत. वादकांची नावं सहसा नसत. चिक यांचं नाव टिकलं ते मुंबईच्या हॉटेलांमुळे आणि पडद्यावरच्या दर्शनामुळे. बाकी शेकडो जणांचं काय झालं ते उघड आहे. नरेश फर्नांडिस यांनी ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ (२०१२) हे पुस्तक लिहून यातली पुष्कळ माणसं पुन्हा उजेडात आणली, पण ते इंग्रजीत आहे.

आपल्याकडे सातारा-सांगली भागात बँडमध्ये क्लॅरिओनेट आणि ट्रंपेट वाजवलेले जुने मास्तर अजून भेटतात. तुमच्या गावात असा कोणी असेल तर त्यांच्याकडे जा. कोणती गाणी वाजवली, कोणाकडून शिकले, संचात कोण कोण होतं, हे विचारा आणि नावानिशी वहीत उतरवून ठेवा.