दिव्याखालचे ऊन

सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात जांभळा रंग संपतो, तेथे किरण मात्र संपत नाहीत. जांभळ्या पट्ट्याच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तेथे सिल्व्हर क्लोराइड अधिक लवकर काळे पडते, असे योहान रिटर या जर्मन शास्त्रज्ञाला १८०१ साली आढळून आले. हेच जंबुपार किरण. त्यांतील ३१५ ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या किरणांना 'अ' गट म्हणतात. ते त्वचेत खोलवर शिरतात. २८० ते ३१५ नॅनोमीटरचे 'ब' गटातील किरण मुख्यतः वरच्या थरातच शोषले जातात, पण त्वचा भाजते ती प्रामुख्याने त्यांच्यामुळे. किरणांनी पेशींच्या केंद्रातील आनुवंशिक द्रव्याला इजा पोहोचली, की त्वचा संरक्षणासाठी मेलॅनिन हे रंगद्रव्य अधिक प्रमाणात तयार करते. उन्हाने आलेला सावळेपणा हा आरोग्याचा तजेला नव्हे. ती इजा झाल्याची खूण आहे.

थंड देशांत ही खूण विकत घेण्याची चाल पडली. 'टॅनिंग सलून'मध्ये ग्राहक जंबुपार नळ्यांच्या मधोमध पडून राहतो. (आपल्याकडे सौंदर्यगृहांत याच्या उलट, उन्हाचा काळेपणा घालविण्याचे पैसे घेतात!) अशा यंत्राची भाजण्याची शक्ती दर चौरस मीटरला ०.३ वॅटपेक्षा अधिक नसावी, अशी युरोपातील मर्यादा आहे. जंबुपार निर्देशांकाचा एक अंक म्हणजे ०.०२५ वॅट, तेव्हा ही मर्यादा निर्देशांक १२ इतकी झाली. बंगळूर सुमारे १३ अक्षांशावर आणि समुद्रसपाटीपासून ९०० मीटरांहून अधिक उंचीवर वसले आहे. २४ एप्रिल आणि १८ ऑगस्टच्या सुमारास तेथे माध्यान्ही सूर्य नेमका डोक्यावर येतो व उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. आकाश निरभ्र असेल, तर अशा वेळी निर्देशांक १२ च्या आसपास पोहोचू शकतो. म्हणजे युरोपात जी यंत्राची कमाल मर्यादा, ते बंगळूरचे फुकटचे ऊन!

मर्यादा पाळल्याने यंत्र निर्धोक होते असे मात्र नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ साली या यंत्रांना मानवात निश्चितपणे कर्करोग निर्माण करणाऱ्या गटात घातले. त्याच वर्षी ब्राझीलने सौंदर्यासाठी त्यांचा वापर बंद केला. ऑस्ट्रेलियातील सर्व राज्यांत २०१६ पर्यंत व्यावसायिक वापरावर बंदी आली. इंग्लंड व वेल्समध्ये १८ वर्षांखालील मुलामुलींना अशा यंत्राचा वापर करू देणे हा सलूनचालकाचा गुन्हा ठरतो.

बंगळूरमधील रुग्णालयांत याच किरणांच्या नळ्या औषध म्हणून वापरल्या जातात. कोड व सोरायसिस यांवरील उपचारांत रुग्ण नळ्यांनी वेढलेल्या कक्षात उभा राहतो. येथे ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा अरुंद पट्टा निवडलेला असतो. दिवा तोच, पण त्याची मात्रा मोजलेली असते, आणि सारा फरक या मोजण्यात आहे. समजा, पहिली मात्रा दर चौरस सेंटीमीटरला २८० मिलिज्यूल ठरली आणि नळ्या सेकंदाला ५ मिलिज्यूल देत आहेत, तर रुग्णाने ५६ सेकंद उभे राहावे. नळ्या जुन्या होत जातात तशी त्यांची शक्ती घटते, आणि वेळ वाढवावी लागते. मग एके दिवशी नळ्या बदलल्या जातात. नव्या नळ्या सेकंदाला १० मिलिज्यूल देत असतील आणि कर्मचाऱ्याने नोंदवहीतील जुनीच वेळ लावली, तर रुग्णाच्या अंगावर दुप्पट मात्रा पडते. त्या क्षणी कोणालाच काही जाणवत नाही. लाली व दाह काही तासांनी दिसू लागतो. म्हणूनच तीव्रतामापकाने नियमित मोजणी करावी, आणि नळ्या बदलल्यावर ती केल्याशिवाय कक्ष सुरूच करू नये.

मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवितात. पण रुग्ण मध्येच काही आठवडे आला नाही, तर ती खाली आणावी लागते. प्रत्येक वेळी विचारण्याचा प्रश्न म्हणजे, 'नवे औषध सुरू केले आहे काय?' डॉक्सिसायक्लीनसारखे प्रतिजैविक किंवा रक्तदाबावरील हायड्रोक्लोरोथायाझाइड घेणाऱ्याची त्वचा एरवी सोसणाऱ्या मात्रेनेही भाजू शकते.

डोळ्यांच्या बाबतीत ढिलाई चालत नाही. पापण्या मिटणे पुरेसे नाही. जंबुपार किरण अडविणारा चष्मा प्रत्येक वेळी हवाच. अन्यथा बुबुळावरील पारदर्शक पडदा सुजतो व डोळ्यांत वाळू गेल्यासारखी वेदना रात्री सुरू होते. वर्षानुवर्षे किरण पडत राहिले, तर मोतीबिंदूचा धोका वाढतो.

बावचीच्या बियांत आढळणारे सोरालेन पोटात घेऊन 'अ' गटाचे किरण देण्याची दुसरीही पद्धत आहे. यात किरणांपूर्वी सुमारे दोन तास गोळी घ्यावी लागते आणि कक्षाबाहेर पडल्यावरही तिचा प्रभाव ओसरलेला नसतो. मॅजेस्टिकच्या बसस्थानकावर उन्हात बसची वाट पाहणाऱ्या अशा रुग्णावर उपचार चालूच असतो, आणि तेथे वेळ मोजणारे कोणी नसते. म्हणून त्याने अंग झाकून घ्यावे, आणि संरक्षक चष्मा सूर्यास्तापर्यंत काढू नये.