कोल्हापूर ते दुबई : आकाशात तीन तास, जमिनीवर अख्खी रात्र

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळापासून दुबईचं सरळ हवाई अंतर सुमारे २,१८० किलोमीटर आहे. मुंबईमार्गे जायचं तर कोल्हापूर-मुंबई जवळपास ३१० आणि पुढे दुबईपर्यंत १,९३०, म्हणजे एकूण २,२४०. वळसा जेमतेम साठ किलोमीटरचा. विमानाला तो कापायला चार-पाच मिनिटं लागतात.

तरीही सुट्टी संपवून आखातात कामावर परतणाऱ्या कोल्हापूरकराची रात्र मुंबई गाठण्यातच जाते. महालक्ष्मी एक्स्प्रेस मिरज, सातारा, पुणे करत ५१८ किलोमीटर धावते आणि साडेदहा-अकरा तासांनी मुंबईला पोचवते. रस्ता त्याहून बराच कमी, पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. पण महामार्गाच्या सहापदरीकरणातली वळणं, खंबाटकीचा घाट आणि पनवेलपासून अंधेरीपर्यंतची गर्दी यांचा भरवसा नसतो. त्यात विमान सुटण्याआधी तीन तास हजर राहायचं. म्हणून जाणकार मंडळी हाताशी चांगले चार तास राखूनच घर सोडतात, आणि ते योग्यच आहे.

मुंबई-दुबई टप्प्याचं गणित वेगळं. ताशी आठशेहून अधिक किलोमीटर वेगाने १,९३० किलोमीटर अडीच तासांच्या आत संपायला हवेत. वेळापत्रकात मात्र सव्वातीन तासांच्या आसपास वेळ दिसतो, कारण त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, चढणं-उतरणं सगळं धरलेलं असतं. शिवाय हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीशी असतात. त्यामुळे परतीचा प्रवास सहसा लवकर आटोपतो. घड्याळ मात्र उलटं सांगतं! दुबईची वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. सकाळी दहाला मुंबईहून निघालेला प्रवासी सव्वातीन तासांनी उतरतो, तेव्हा तिथे पावणेबाराच वाजलेले असतात. येताना हाच दीड तास हातचा जातो.

मग कोल्हापूरहूनच थेट विमान का नाही? हा विमानतळ काही आजचा नाही. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ मध्ये तो सुरू झाला. २०१८ मध्ये ‘उडान’ योजनेतून नियमित सेवा पुन्हा आली आणि मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. अडचण धावपट्टीची आहे. ती बरीच वर्षं १,३७० मीटरचीच होती. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर. तिथली हवा विरळ, उन्हाळ्यात आणखी विरळ. अशा हवेत इंधन आणि प्रवाशांनी भरलेल्या मोठ्या जेटला उचलण्यासाठी लांब धाव लागते. म्हणूनच धावपट्टी वाढवण्याचं काम टप्प्याटप्प्याने हाती घेतलं गेलं. परदेशी उड्डाणासाठी इमिग्रेशन आणि कस्टम्सची व्यवस्थाही लागते, आणि ती उभी करायची तर रोज पुरेसे प्रवासी मिळायला हवेत.

त्याआधी दिलासा मिळू शकतो तो पनवेलजवळून. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं. कोल्हापूरहून येणारी गाडी तिथे पोचते ती मुंबईच्या गर्दीत शिरण्याआधीच. आखाताची विमानं तिथून जितकी अधिक सुटतील, तितके पनवेल-अंधेरीचे बेभरवशाचे तास या प्रवासातून वजा होतील.