दाराचा ‘धप्प’ आणि पोलोचे स्टार

छोटी, स्पोर्टी गाडी घ्यायची म्हटली की मित्रमंडळींत दोन पार्ट्या पडतात. एक मायलेजवाली, दुसरी ‘बिल्ड क्वालिटी’वाली. दुसरीची लाडकी म्हणजे आपल्या चाकणला बनलेली पोलो. दार लावलं की भारदस्त ‘धप्प’! बस्स, गाडी दणकट, असा निकाल तिथल्या तिथे लागतो.

पण बॉस, जरा थांबा. २०१४ मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’ने ताशी ६४ किलोमीटर वेगाने पोलो समोरून धडकवली. सांगाडा टिकला, तरी मोठ्यांच्या सुरक्षेसाठी स्टार मिळाले शून्य! कारण त्या मॉडेलमध्ये एअरबॅगच नव्हत्या. दोन एअरबॅगवाल्या पोलोने मात्र चार स्टार पटकावले. पत्रा तोच, सांगाडा तोच. फरक होता तो डोकं आणि छाती कशावर आदळते याचा.

२०२२ मध्ये पोलो इथे बंद झाली, त्यामुळे आता ती सेकंडहँडच घ्यावी लागते. ‘जीटी टीएसआय’चा पिकअप भन्नाट आहे, प्रेमात पडालच. फक्त दार आपटून बघण्याआधी दोन्ही एअरबॅग आहेत का, अपघातात उघडल्या असतील तर नव्या बसवल्यात का, हे सर्व्हिस रेकॉर्डमध्ये तपासा. आणि हो, बेल्ट लावा. पत्रा कितीही जाड असला तरी!