गुरुवायूरचा गजराज : केशवन

कुठला? केरळातील गुरुवायूरच्या श्रीकृष्ण मंदिराचा हत्ती. निलंबूरच्या राजघराण्याने १९२२ साली तो देवाला अर्पण केला.

कसा होता? उंची ३.२ मीटरच्या आसपास. पाठीवर देवाचा ‘तिडंबू’, म्हणजे उत्सवमूर्तीची प्रतिकृती, घेऊन मिरवण्याचा मान त्याचा. तिडंबू हाती असलेल्यासाठीच तो पुढचे पाय वाकवायचा. बाकीच्यांनी मागच्या पायावरून चढायचे, अशी त्याची ख्याती.

मान : १९७३ मध्ये देवस्थानाने त्याला ‘गजराजन’ ही पदवी दिली.

निधन : २ डिसेंबर १९७६. त्या दिवशी गुरुवायूरची सर्वांत मोठी एकादशी होती. देवळाच्या दिशेने सोंड उंचावून त्याने प्राण सोडला, असे भाविक श्रद्धेने सांगतात.

आठवण : पुढच्याच वर्षी दिग्दर्शक भरतन यांनी त्याच्यावर मल्याळम चित्रपट काढला. गावात त्याचा पूर्णाकृती पुतळा आहे आणि त्याचे सुळे मंदिरात जपून ठेवले आहेत. दरवर्षी एकादशीच्या आदल्या दिवशी देवस्थानाचे हत्ती रांगेने पुतळ्यापाशी येतात आणि त्यांच्यातला प्रमुख हत्ती केशवनला हार घालतो. गुरुवायूरला जायचे असेल, तर ही दशमी चुकवू नका.