टर्मिनेटरच्या हृदयाची तीन ऑपरेशनं



'टर्मिनेटर'वाला आर्नोल्ड श्वार्झनेगर सगळ्यांना माहीत आहे. एवढा तगडा माणूस, पण हृदयात जन्मापासून दोष. महाधमनीच्या तोंडाशी असलेल्या झडपेला तीन पाकळ्या लागतात, त्याला दोनच होत्या. 100 माणसांत एक-दोघांना असं असतं, आणि बऱ्याच जणांना पन्नाशीपर्यंत पत्ताच नसतो.

झडप म्हणजे आपल्या पंपाचा फूट-व्हॉल्व्ह समजा. पुढे सोडायचं, मागे येऊ द्यायचं नाही. दोन पाकळ्यांची झडप लवकर झिजते, मग कडक होते नाहीतर गळते.

1997 साली, काही त्रास होत नसतानाही, त्याने ऑपरेशन करून घेतलं. फुफ्फुसाकडे जाणाऱ्या वाटेवरची त्याचीच झडप काढून महाधमनीत लावली आणि तिच्या जागी दुसरी बसवली. याला रॉस ऑपरेशन म्हणतात. 2018 मध्ये ती दुसरी बदलायची होती. नळीतून करायला गेले, हृदयाची भिंत फुटली, तातडीने छाती उघडावी लागली. शुद्धीवर आल्यावर गडी काय म्हणतो? "मी परत आलो!" 2020 साली, 73व्या वर्षी, महाधमनीची झडपही परत बदलली.

दुसऱ्या खेपेचं ऑपरेशन जास्त जोखमीचं असतं. जुन्या जखमेमुळे हृदय आतून छातीच्या हाडाला चिकटलेलं असू शकतं, म्हणून आधी सीटी स्कॅन करून वाट बघून घेतात.

झडप कुठली बसवायची हे डॉक्टरच सांगणार, पण आपला धंदा काय ते त्यांना आधी सांगा. धातूची झडप वर्षानुवर्षं चालते, मात्र रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर. आणि आपल्याला तर रोज गळ टोचतो, सुरी लागते, दोरीने हात सोलतो. त्या गोळीवर रक्त लवकर थांबत नाही, होडीत डोकं आपटलं तर थेट इस्पितळ गाठायचं. जनावराच्या पडद्याची झडप घेतली तर सहसा ही गोळी जन्मभर लागत नाही, पण साधारण 10 ते 15 वर्षांत ती बदलावी लागते.

लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालेली आपली काही पोरं आता ट्रॉलरवर जातात. जाळं ओढताना दम लागला, चक्कर आली, छातीत दुखलं तर तांडेलाला सांगून उतरा. काही होत नसलं तरी डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीत इको करा. दात काढायच्या आधी झडपेबद्दल दाताच्या डॉक्टरांना सांगा. गोळीचं नाव आणि शेवटचा आयएनआर कागदावर लिहून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत ठेवा.