खंड्या पक्षी व शेतांतील दरड

जालन्याच्या औद्योगिक वसाहतींत लोखंडी सळयांचे कारखाने व बियाण्यांच्या मालमोटारींची वर्दळ. तेथें खंड्याची चौकशी करावी हें चमत्कारिक वाटेल. परंतु अशा ठिकाणींही नाल्याकाठच्या विजेच्या तारेवर हा पक्षी जमिनीवर नजर लावून तासन्‌तास बसतो. पाण्याचा म्हणून प्रसिद्ध असलेला पक्षी कोरड्या जागीं काय करतो, हें शेतकऱ्यानें समजून घेण्यासारखें आहे.

या कुळांतील तीन पक्षी आपल्याकडे नेहमीं दिसतात. लहान खंड्या चिमणीहून थोडा मोठा, पाठीनें निळा, पोटानें तांबूस. तो पाणी सहसा सोडीत नाहीं. कवड्या खंड्या काळापांढरा. तो पाण्यावर एकाच जागीं पंख फडफडवीत राहतो व मासा दिसतांच दगडासारखा खालीं पडतो. घाणेवाडीच्या तलावासारखें मोकळें पाणी त्यास मानवतें. तारेवर बसणारा तो तिसरा. डोकें व पोट गडद तपकिरी, गळा व छाती शुभ्र, पाठ झळझळीत निळी, चोंच लांब व लालभडक. लांबी सुमारें 28 सेंटिमीटर. ही निळाई रंगद्रव्याची नव्हे. पिसाच्या सूक्ष्म घडणीवरून प्रकाश परावर्तित होऊन ती दिसते. तिच्यापायीं या पक्ष्याची पूर्वीं फार हत्या होई, कारण परदेशीं पिसांस चांगली किंमत येत असे. 1902 सालीं सरकारनें पिसांच्या निर्यातीस बंदी केली.

हा तिसरा खंड्या मासे खातो खरा. पण नाकतोडे, टोळ, रातकिडे, सरडे, खेकडे, क्वचित्‌ उंदराचीं पिलेंही खातो. भक्ष्य फांदीवर आपटून मारण्याची त्याची रीत आहे. शेततळ्यांत मत्स्यबीज सोडणारांचें तो थोडें नुकसान करतो, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. त्यास उपाय जाळें, गोफण नव्हे.

खरी अडचण आहे ती घरट्याची. खंड्या झाडावर घरटें बांधीत नाहीं. नदीच्या, नाल्याच्या किंवा कच्च्या विहिरीच्या उभ्या मातीच्या दरडींत नर व मादी दोघेंही चोंचीनें कोरून सुमारें हातभर आडवें बीळ करतात. त्यांत गवतकाडी कांहीं न घालतां चार ते सात गोल, पांढरीं अंडीं असतात. जालना तालुक्यांतील कडवंचीनें पाणी अडवून व शेततळीं करून द्राक्षबागा पिकविल्या, हें आमच्या वाचकांस विदित आहे. अशीं तळीं ठिकठिकाणीं झालीं. परंतु त्यांच्या उतरत्या बाजूंस प्लास्टिकचें अस्तर असतें. विहिरी सिमेंटच्या कड्यांनीं बांधल्या जातात. नाले यंत्रानें खोल करतांना कांठ उतरते केले जातात. पाणी वाढलें, आणि बिळाजोगी माती मात्र नाहींशी होत चालली. फवारलेले नाकतोडे पोटांत जातात तें वेगळेंच.

यास खर्च नाहीं. नाल्याच्या वळणावरील पुरुषभर उंचीची एखादी दरड उभी राहूं द्यावी. बिळाच्या तोंडाशीं पायांच्या घर्षणानें पडलेल्या दोन खांचा व खालीं विष्ठेचे पांढरे ओघळ दिसले, तर आंत वस्ती आहे असें समजावें. वीण साधारणतः मार्च ते जुलैपर्यंत चालते. तेवढ्या अवधींत त्या दरडीची माती काढूं नये.